टाचण वही कोण तपासतं? प्रिन्सिपॉलच्या 'लीडरशिप'बद्दल जरा लांबलचक उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठ वर्षं व्हाइस प्रिन्सिपॉल, आता दुबईच्या एका शाळेत प्रिन्सिपॉल म्हणून जवळजवळ नक्की झालंय, स्टाफ पाच-सहा देशांतला, आणि मुलाखतीत विचारलं की तुमची लीडरशिप स्टाइल काय. तुम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेलीत आणि आता विचारताय की वेगवेगळ्या देशांतले प्रिन्सिपॉल नेतृत्वाकडे खरंच वेगवेगळ्या नजरेने बघतात का, आणि बघत असतील तर मी कुठली स्टाइल शिकून जाऊ.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये बावीस वर्षं, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका. मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन आखातात सहा वर्षं एका सीबीएसई शाळेची प्रिन्सिपॉल. मधे एकदा मुख्याध्यापकांच्या ग्रुपबरोबर आठवडाभर फिनलंडला जाऊन आले, आणि मुलगी जपानात असल्यामुळे नातीच्या शाळेच्या निमित्ताने तिकडचं थोडं जवळून बघितलं. बाकी मी काही पीएचडीवाली नाही, त्यामुळे माझं बोलणं एका बाईच्या अनुभवाइतकंच धरा.

पहिली गोष्ट म्हणजे 'नेतृत्व' हा शब्द आपल्या स्टाफरूममधला नाहीच. बावीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही की सरांचं नेतृत्व चांगलंय. नेता म्हणजे ज्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो तो. हेडमास्तरांबद्दल आपण काय म्हणतो, तर सरांनी शाळा चांगली सांभाळली, बाईंचा वचक आहे. सांभाळणं आणि वचक, ह्या दोन शब्दांत आपलं सगळं आलं. झेडपीच्या शाळेत पोरं मोठे गुरुजी, मोठ्या बाई म्हणतात, आणि गंमत म्हणजे थायलंडमध्ये हेडमास्तरांसाठीचा जुना शब्द आहे 'ख्रू याय', त्याचाही शब्दशः अर्थ मोठे गुरुजीच. इंग्लंडमध्ये हेडटीचर म्हणतात. म्हणजे पदाच्या नावात अजून शिक्षक शिल्लक आहे, मॅनेजर नंतर आला.

तर तुमचा खरा प्रश्न स्टाइलचा नाहीये असं मला वाटतं. स्टाइल म्हणजे साडी नव्हे की दुबईला ही नेसू, लंडनला ती नेसू. खरा प्रश्न असा आहे की ती खुर्ची तुम्हाला कुणी दिली, तुमच्याकडून काढून कोण घेऊ शकतं आणि सकाळी उठल्यावर तुम्हाला कुणाला जाब द्यायचाय. ही तीन उत्तरं कळली की त्या देशातला प्रिन्सिपॉल असा का वागतो, हे निम्मं तरी उलगडतं. लोक ज्याला 'त्यांचं कल्चरच तसं' म्हणतात त्यातलं बरंचसं मला नोकरीच्या अटींमध्ये सापडलंय. उरलेलं निम्मं मात्र खरंच संस्कृतीचं असतं आणि मला जे फटके बसले ते तिथेच बसले, त्यावर येतेच.

आपल्याकडचं बघा. अनुदानित खाजगी शाळेत मुख्याध्यापक कोण होणार हे १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने आणि १९८१ च्या नियमावलीने बहुतेक ठरवूनच टाकलंय, सेवाज्येष्ठता यादीत जो पात्र आणि वर तो. मला कुणी व्हिजन वगैरे विचारलं नाही, मुलाखतच झाली नाही. आधीचे सर मेअखेर रिटायर झाले आणि जूनमध्ये मी त्या खुर्चीत. संस्थेच्या सचिवांनी पेढा हातावर ठेवला आणि म्हणाले, बाई यंदा संचमान्यतेकडे (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात ते) जरा लक्ष द्या, एक पद जातंय असं दिसतंय. झाली माझी लीडरशिपची दीक्षा.

आता अशा मुख्याध्यापकाच्या हातात असतं काय ते बघा, पगार शासनाचा, तो शालार्थ ह्या सरकारी पगारप्रणालीतून येणार, नेमणूक संस्थेची, बढती यादीप्रमाणे, चांगलं शिकवणाऱ्याला तुम्ही दोन पैसे जास्त देऊ शकत नाही आणि न शिकवणाऱ्याला हलवू शकत नाही, वर यूडायस (शाळेची सरकारला भरून द्यायची माहिती), पोषण आहार, शिष्यवृत्तीचे फॉर्म, शिक्षणाधिकारी ऑफिसच्या फेऱ्या हे सगळं तुमच्याच नावावर. हातात उरतो फक्त शब्द. म्हणून मग वीस वर्षं त्याच गावात काढलेली बाई कामी येते, जिला माहीत असतं की कदम सर हल्ली उशिरा का येतात, त्यांच्या आईला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि जी त्यांना पहिला तास देत नाही. ह्याला कुठल्या ट्रेनिंगमध्ये काय म्हणतात मला माहीत नाही, आमच्याकडे ह्यालाच शाळा सांभाळणं म्हणतात.

आणि आमच्या भागात त्यामागे अजून एक जुनी सावली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ते आणि त्यांची माणसं पोरं गोळा करायला गावोगाव हिंडली, त्यामुळे आमच्याकडे चांगला हेडमास्तर कोण, तर जून महिन्यात वाड्यावस्त्यांवर चपला झिजवणारा. केबिनमध्ये बसून प्लॅन लिहिणारा नव्हे. मी आखातात गेले तेव्हा हीच प्रतिमा डोक्यात घेऊन गेले आणि पहिल्याच आठवड्यात एका मुलीच्या घरी जाऊन धडकले कारण ती तीन दिवस आली नव्हती. तिचे वडील घाबरले. त्यांना वाटलं काहीतरी भयंकर झालंय, नाहीतर प्रिन्सिपॉल स्वतः कशाला येईल. वर स्कूल काउन्सिलरला राग आला की तिचं काम मी केलं.

आता इंग्लंड घ्या, कारण तुमच्या स्टाफमध्ये ब्रिटिश असणारच. १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर तिकडे शाळेचं बजेट बरंचसं शाळेच्याच हातात आलं, हेडची निवड शाळेचे गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन मंडळाचे लोक, जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन करायला लागले. मग १९९२ मध्ये ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा आली, शाळांचे निकाल तक्त्यांत जाहीर व्हायला लागले. म्हणजे तिथला हेड मुलाखतीतच सांगून आलेला असतो की ही शाळा मी इथून तिथे नेणार, आणि थोड्याच पूर्वसूचनेवर तपासणीवाले दारात उभे राहून विचारणार की नेली का. मग तो माणूस व्हिजन, डेटा, टार्गेट असं बोलणार नाही तर काय करणार. मला आधी वाटायचं ही माणसं कोरडी आहेत. कोरडी नव्हती, त्यांना तसंच बोलून नोकरी टिकवायची सवय होती. ऑफस्टेड अख्ख्या शाळेला एका शब्दात शेरा द्यायचं, त्या शेऱ्याचा धसका तिकडे इतका वाढला की शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी तो शेरा बंद केला. त्यामुळे तुमचा ब्रिटिश सेक्शन हेड प्रत्येक गोष्टीला 'पुरावा कुठाय' विचारायला लागला तर मनाला लावून घेऊ नका, तो तुमच्यावर अविश्वास दाखवत नसतो.

फिनलंडमध्ये बरोबर उलटं. तिकडे शाळातपासणीची यंत्रणाच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद केली. शाळा नगरपालिकेची, शिक्षक मास्टर्स केलेले, आणि शाळा संपताना होणारी ती एक परीक्षा सोडली तर सगळ्या देशाची म्हणून परीक्षा नाही. आम्ही ज्या शाळेत गेलो तिथले मुख्याध्यापक आमच्याशी बोलायला दहा मिनिटं उशिरा आले कारण त्यांचा तास चालू होता. शिपाई नाही, कॉफी त्यांनीच ओतली, मुलं त्यांना सरळ नावाने हाक मारत होती, आमच्यातल्या एका सरांना ते इतकं खटकलं की ते जेवताना पण तेच बोलत होते. मी विचारलं, तुम्ही शिक्षकांची टाचणं (कुठल्या तासाला काय, कसं शिकवायचं त्याची टिपणं) किती दिवसांनी तपासता? दुभाष्याने दोनदा सांगूनही त्यांना प्रश्न कळेना. तिसऱ्यांदा कळला तेव्हा म्हणाले, मी का तपासू, शिकवायचं कसं हे तिला येतं म्हणून तर तिला घेतलंय ना. आम्ही अकरा जण गप्प. आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर घरी टाचण वह्यांचा गठ्ठा होता आणि शेजारी लॉगबुक, शिक्षकांचे तास बघून शेरे लिहायची वही.

मला तेव्हा वाटलं की हे काय भारी आहे, आपणही असं करायचं. ते किती चुकलं ते खाली सांगते.

जपानचं मला सगळ्यात जास्त समजावून घ्यावं लागलं. तिथे सरकारी शाळेत शिक्षकांच्या नेमणुका-बदल्या प्रांताचं शिक्षण मंडळ करतं, माणूस पायऱ्या चढत चढत पन्नाशीच्या आसपास कोचो सेन्सेई, म्हणजे प्रिन्सिपॉल, होतो, आणि एका शाळेत साधारण दोन-तीन वर्षं राहून पुढे. दोन-तीन वर्षांत कसलं व्हिजन आणि कसलं काय. रोजचा सगळा गाडा क्योतो सेन्सेई ओढतो (शहराशी संबंध नाही, व्हाइस प्रिन्सिपॉलला म्हणतात), सगळे शिक्षक एका मोठ्या शिक्षकखोलीत टेबलाला टेबल लावून बसतात, कुठल्या वर्गाचं काय चाललंय हे न विचारताच सगळ्यांना ऐकू येतं. नातीच्या शाळेतले कोचो सेन्सेई सकाळी फाटकात उभे राहून एकेका पोराला गुड मॉर्निंग घालायचे, पावसात छत्री घेऊन. मी मुलीला म्हटलं, ह्यांना दुसरं काम नाही का. ती म्हणाली, आई, हेच काम आहे.

पण ह्यावरून जपानचा प्रिन्सिपॉल नुसता शोभेचा असतो असं समजू नका. पूर्वी शिक्षकांची बैठक बरीच वजनदार होती, सगळ्यांनी मिळून ठरवायचं अशी रीत होती, २००० मध्ये नियम बदलून स्पष्ट लिहिलं की बैठक कोचो भरवतो आणि चालवतो. कागदावर अधिकार त्याच्याकडे आला. तरी पद्धत अशी की बैठकीत कुणालाही धक्का बसता कामा नये, म्हणजे विषय आधीच एकेकाच्या कानावर घालून ठेवायचा. त्यांच्याकडे त्याला 'नेमावाशी' म्हणतात, झाड हलवण्याआधी मुळांभोवती हळूहळू खणून घ्यायचं, त्यावरून आलेला शब्द. आपण 'कानावर घालून ठेवणं' म्हणतो तेच, फक्त आपण ते संस्थेच्या अध्यक्षांच्या बाबतीत करतो, स्टाफच्या बाबतीत विसरतो.

त्याच २००० च्या बदलात तिकडे शिक्षकाचं लायसन्स नसलेल्या माणसालाही प्रिन्सिपॉल नेमायची सोय झाली. आणि त्या दारातून आत गेलेला एक माणूस आपला मराठी आहे, योगेंद्र पुराणिक. २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, आयटी आणि बँकिंगचा अनुभव, आणि एप्रिल २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा फर्स्ट ह्या सरकारी हायस्कूलचे प्रिन्सिपॉल झाले, त्याआधी एक वर्ष तिथेच व्हाइस प्रिन्सिपॉल होते. म्हणजे ज्या देशात कोचो व्हायला तीस वर्षं रांगेत उभं राहावं लागतं तिथे बाहेरून माणूस आणला, आणि तोही परदेशात जन्मलेला. आपल्या १९८१ च्या नियमावलीत हे बसवून दाखवा. त्यामुळे 'जपानी कल्चर म्हणजे असं असं' म्हणून ठोकून द्यायच्या आधी दहा वेळा थांबायला मी शिकलेय, नियम बदलला की चित्र बदलतं.

चीनचं एका ओळीत सांगते कारण जाब कुणाला ह्याचं ते ठळक उदाहरण आहे. १९८५ च्या सुधारणेत शाळेची जबाबदारी प्रिन्सिपॉलवर टाकायचं धोरण आलं, आणि २०२२ मध्ये परत फिरवून प्राथमिक-माध्यमिक शाळांत कम्युनिस्ट पक्षाच्या संघटनेच्या नेतृत्वाखाली प्रिन्सिपॉल असं ठरवलं. खुर्ची तीच, पण माणूस आता सही करायच्या आधी कुणाकडे बघेल हे सांगायला नको.

म्हणजे आत्तापर्यंतचं थोडक्यात: यादीने आलेला माणूस सांभाळतो, मुलाखतीने आलेला बदल दाखवतो, बदलीने आलेला घडी मोडत नाही, आणि शिक्षकांवर तपासणी नसलेला शिक्षकांच्या वाटेत येत नाही. ढोबळ आहे हे, पण मला उपयोगी पडतं.

आता संस्कृतीचं जे उरलं त्याबद्दल. तुम्ही ट्रेनिंगमध्ये हॉफस्टेड ह्या डच संशोधकाचे आकडे बघितले असतील, वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरतात त्याचे, त्यात भारत ७७, फिनलंड ३३, डेन्मार्क १८ वगैरे. आकडे खोटे नाहीत पण ते मुळात १९७० च्या आसपास आयबीएम कंपनीच्या नोकरदारांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरचे. आमच्या शाळेतल्या शिंदे मामांना (शिपाई, पण शाळेत सगळ्यात जुने, त्यामुळे मलाच ओरडायचे) त्यात कुठे बसवायचं मला कळलेलं नाही. आकड्याने दिशा कळते, समोरचा माणूस कळत नाही.

माझी आखातातली पहिली स्टाफ मीटिंग ऐका. मी फिनलंडच्या नशेत होते. म्हटलं, इथून पुढे सगळं मिळून ठरवू, परीक्षेच्या वेळापत्रकाचा हा मसुदा, बोला. केरळच्या सिनियर मॅडम, ज्यांना त्या शाळेत चौदा वर्षं झाली होती, त्या वहीत खाली बघत राहिल्या. फिलिपिनो असिस्टंट हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत होत्या. अरबी शिकवणारे इजिप्तचे सर म्हणाले, मॅडम सांगतील ते. आणि प्रायमरीच्या एक इंग्लिश बाई, म्हणजे मूळच्या इंग्लंडच्या, सरळ म्हणाल्या, मला हे पटत नाही, हे चालणार नाही, आणि तीन कारणं दिली. सगळ्यांसमोर. माझे कान तापले. सांगलीत मुख्याध्यापिकेला भर मीटिंगमध्ये असं कुणी बोललं असतं तर ते भांडण तीन वर्षं चाललं असतं.

संध्याकाळी काय झालं, तर केरळच्या मॅडम केबिनमध्ये आल्या, दार लोटलं, आणि तीच तीन कारणं सांगितली, वर चौथं, जे इंग्लिश बाईंना माहीत नव्हतं. इजिप्तचे सर दुसऱ्या दिवशी आले, चहा झाला, माझ्या मुलांची चौकशी झाली, त्यांच्या भावाच्या लग्नाचे फोटो झाले, आणि पंचविसाव्या मिनिटाला म्हणाले की दुपारच्या नमाजाच्या वेळेजवळ पेपर ठेवलाय तेवढं बघा. म्हणजे विरोध सगळ्यांचाच होता, फक्त दरवाजे वेगळे होते. इंग्लिश बाई पुढच्या दारातून आल्या, बाकीचे मागच्या. आणि मी मागच्या दाराला लावालावी समजत होते आणि पुढच्या दाराला उद्धटपणा.

'येस मॅम'चंही तसंच. एका असिस्टंटला मी सांगितलं की उद्यापासून नर्सरीचं साहित्य वरच्या खोलीत ठेवायचं, ती येस मॅम म्हणाली, आठवडा गेला, साहित्य तिथेच. मी चिडले. मग कळलं की वरच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे होती आणि तो देत नव्हता, पण 'होत नाहीये' हे मला तोंडावर सांगणं तिला जमेना. तिच्या येसचा अर्थ 'करते' नव्हता, 'तुमचं ऐकलं' असा होता. थाई लोकांत ह्या भिडेला 'क्रेंग जाय' असा खास शब्दच आहे, मोठ्यांना अडचणीत टाकायचं नाही म्हणून गप्प राहायचं. शाळांच्या नेतृत्वावर संशोधन करणारे आणि थायलंडमध्ये अनेक वर्षं काम केलेले फिलिप हॉलिंजर ह्यांनी लिहिलंय की तिथे १९९९ च्या शिक्षण कायद्यानंतर सगळ्यांना सहभागी करून घ्या असं वरून आलं तेव्हा हीच भीड आड आली, कारण सहभागी व्हा हासुद्धा शिक्षकांना वरून आलेला हुकूमच वाटला. वाचून हसू आलं, म्हटलं ही तर माझीच मीटिंग.

आणि आता टाचण वही. फिनलंडवरून शिकून मी पहिल्या टर्मला टाचण तपासणं बंद केलं. मला वाटलं स्टाफ खूश होईल. ब्रिटिश शिक्षक खूश झालेही, त्यांच्या भाषेत आधीच्या सरांनी फारच नाक खुपसलं होतं. पण डिसेंबरमध्ये आमच्याच भारतीय शिक्षिकांपैकी एक जण निरोप समारंभात बोलता बोलता म्हणून गेली, आधीचे सर प्रत्येक पान वाचायचे, शेवटी दोन ओळी लिहायचे, ह्या मॅडमना आमच्याकडे बघायला वेळ नाही. मला ते फार लागलं. मी विश्वास दाखवत होते आणि त्यांना ते दुर्लक्ष वाटत होतं. एकच कृती, एका टेबलावर तिला स्वातंत्र्य म्हणतात आणि शेजारच्या टेबलावर बेफिकिरी. जानेवारीपासून मी असं केलं की ज्यांना वही दाखवायची त्यांनी सोमवारी ठेवा, मी वाचून दोन ओळी लिहीन, ज्यांना नाही त्यांच्या तासाला मी महिन्यातून एकदा मागे बसेन आणि नंतर चहावर बोलू. सक्ती कशाचीच नाही, पण दोन्हीपैकी एक हवंच. पहिल्या सोमवारी सव्वीस वह्या आल्या. त्यात एक ब्रिटिश होती. मग मी देशावरून माणसाचा अंदाज बांधणं जरा कमी केलं.

सगळ्यात मोठी चूक सांगते आणि मग तुमच्याकडे वळते. एकदा परीक्षेच्या पेपरात एका शिक्षिकेने मागच्या वर्षीचाच प्रश्न उचलून ठेवला. मी स्टाफरूममध्ये, पाच-सहा जण असताना, बोलले. फार नाही, दोन मिनिटं. आपल्याकडे हे रोजचं आहे, बाई बोलल्या, दुपारी डब्यातली चटणी वाटून खाल्ली, संपलं. तिथे दुसऱ्या दिवशी एचआरकडे लेखी तक्रार, चार दिवसांनी मला बोलावणं, आणि मला लिहून माफी मागावी लागली. त्या बाईंचं चूक होतं का? पेपरच्या बाबतीत होतं. चारचौघांत बोलण्याच्या बाबतीत माझं चूक होतं. तिच्यासाठी ती चार लोकांसमोर गेलेली इज्जत होती, चटणीने परत येणारी नव्हती. सांगलीत माझं बोलणं खपायचं कारण मागे बावीस वर्षं होती, कदम सरांच्या आईचं डायलिसिस होतं. तिथे माझ्या खात्यात चार महिने होते आणि मी बावीस वर्षांचा चेक फाडला.

आता दुबईचं. तिथे खाजगी शाळा केएचडीए ह्या सरकारी संस्थेच्या अखत्यारीत येतात, २००८ च्या सुमारास तपासण्या सुरू झाल्या, शाळांचे दर्जे जाहीर व्हायला लागले आणि पालक ते फोनवर उघडूनच ॲडमिशनला येतात. म्हणजे जाब देण्याच्या बाबतीत ते पुण्यापेक्षा इंग्लंडच्या जवळचं आहे. पण मालक बहुधा एक कुटुंब किंवा एक ग्रुप असतो, आणि तिथला संबंध आपल्या संस्थाचालकांसारखा, म्हणजे फोन रात्री साडेदहालाही येऊ शकतो. आणि स्टाफचा व्हिसा शाळेवर असतो, हे विसरू नका. ज्याचा व्हिसा तुमच्या सहीवर अवलंबून आहे तो माणूस तुम्हाला मीटिंगमध्ये 'नाही' म्हणत नसेल तर त्याला संस्कृतीचं नाव देऊ नका, तो साधा हिशोब आहे. मला हे समजायला दोन वर्षं लागली, मी आपली 'हे लोक बोलतच नाहीत' म्हणत बसले.

हे सगळं शाळेवरही अवलंबून आहे अर्थात. ट्रस्टची जुनी भारतीय शाळा असेल, निम्मा स्टाफ वीस वर्षांचा असेल तर तुम्हाला पुण्यातलं बरंच उपयोगी पडेल, पहिलं वर्ष फक्त बघा, फाटकात उभ्या राहा, माणसांची नावं आणि त्यांची घरं माहीत करून घ्या. नवीन ग्रुपची, ब्रिटिश करिक्युलमची, दरवर्षी तिसरा हिस्सा स्टाफ बदलणारी शाळा असेल तर एवढा वेळ कुणी देणार नाही, तिथे पहिल्या महिन्यात एक तरी गोष्ट ठरवून, लिहून, करून दाखवावी लागेल. बसची वेळ असो नाहीतर टॉयलेट स्वच्छ असणं असो, छोटी चालेल.

मीटिंगचं मी पुढे कसं केलं ते तुम्ही हवं तर उचला: विषय तीन दिवस आधी लेखी द्यायचा, त्या तीन दिवसांत केबिनचं दार उघडं ठेवायचं आणि चार जणांच्या कानावर मुद्दाम घालायचं, मीटिंगमध्ये पुढच्या दाराच्या लोकांना बोलू द्यायचं, आणि शेवटी 'काही जणांनी मला हेही सांगितलंय' म्हणून मागच्या दाराचं नाव न घेता मांडायचं. निर्णय मात्र मीच सांगायचे, स्पष्ट, कारणासकट. चर्चा सगळ्यांना हवी असते, पण बाईंनी शेवटी ठरवलंच नाही तर केरळ, कैरो, मनिला, लंडन सगळे सारखेच वैतागतात, हे मी पाहिलंय.

मुलाखतीत पुन्हा स्टाइल विचारली, दुसऱ्या फेरीत विचारतीलच, तर ट्रान्सफॉर्मेशनल वगैरे शब्द टाकू नका, ते सगळेच टाकतात. पुण्यात तुम्ही सांभाळलेला एक अवघड प्रसंग सांगा, त्यात काय केलंत आणि तेच इथे का चालणार नाही हेही सांगा. दुसऱ्या भागावर त्यांचे कान टवकारतील.

आणि सही करायच्या आधी ऑफर लेटर नीट वाचा. तुमच्यावर कोण, म्हणजे एकच माणूस की बोर्ड आणि शिवाय ग्रुपचा कुणी शिक्षण संचालक, शिक्षक घेण्या-काढण्यात तुमचं मत लागतं की नुसती सही, आणि प्रोबेशनमध्ये तुमचं मूल्यमापन कशावर, निकालावर, ॲडमिशनच्या आकड्यावर की तपासणीच्या दर्जावर. हे लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या, विचारलं म्हणून कुणी नोकरी काढून घेत नाही. ते कळलं की इथेच लिहा, मग पहिल्या टर्मचं बोलू, कारण ॲडमिशनचा आकडा असेल तर माझं वरचं निम्मं उत्तर बदलेल.